धुक्यात उभी असलेली गाडी : लुईशॅम, ४ डिसेंबर १९५७

तिसरं_गेट (धागाकर्ता)

मंडळी, गेल्या गुरुवारी पहाटेच्या गाडीने खानापूरहून बेळगावला येत होतो. देसूरच्या अलीकडे गाडी थांबली. बाहेर धुकं एवढं दाट की खिडकीबाहेर हात काढला तर बोटं पुसट दिसत होती. डब्यात रोजचेच लोक : भाजीच्या पाट्या घेऊन मार्केटला निघालेल्या बायका, डुलक्या काढणारी कॉलेजची पोरं. दहा मिनिटं गाडी हलली नाही, पण कुणी डोकंसुद्धा बाहेर काढलं नाही. सिग्नल मिळाला की निघेल, एवढाच सगळ्यांचा हिशोब.

मी मात्र सारखा मागच्या बाजूला कान लावून बसलो होतो. आदल्याच रात्री लुईशॅमच्या अपघाताबद्दल वाचत जागलो होतो. त्या अपघातातली माणसंही अशीच उभ्या गाडीत, धुक्यात, घरी जायची वाट बघत बसलेली होती.

लंडनच्या आग्नेयेला लुईशॅम आणि सेंट जॉन्स ही लागून असलेली स्टेशनं आहेत. ४ डिसेंबर १९५७, बुधवार. संध्याकाळी ऑफिसं सुटण्याची वेळ. शहरात दाट धुकं आणि सगळ्याच गाड्या उशिरा धावत होत्या. चेरिंग क्रॉसहून हेजकडे जाणारी दहा डब्यांची विजेवरची लोकल सेंट जॉन्सच्या पुढे पार्क्स ब्रिज जंक्शनच्या लाल सिग्नलला थांबली. चढावर असल्यामुळे ब्रेक लावून उभी. आत सुमारे दीड हजार माणसं, बरीचशी उभ्यानेच.

त्याच लाइनवर मागून कॅनन स्ट्रीटहून रॅम्सगेटला जाणारी अकरा डब्यांची एक्स्प्रेस येत होती. तिला वाफेचं इंजिन होतं, नाव ‘स्पिटफायर’. वाटेत दोन सावधानतेचे सिग्नल लागले. चालकाला दोन्ही दिसले नाहीत. सेंट जॉन्सच्या फलाटाच्या टोकाचा सिग्नल लाल होता. तो फायरमनला दिसला, तो ओरडला, चालकाने ब्रेक ओढला. पण तेव्हा अंतरच उरलं नव्हतं. साधारण सहा वाजून वीस मिनिटांनी, ताशी सुमारे ३० मैलांच्या वेगाने, एक्स्प्रेस लोकलच्या शेपटावर आदळली.

वेग तसा फार नव्हता. पण पुढची गाडी ब्रेक लावून गच्च उभी असल्यामुळे धक्का पुढे सरकायला जागाच नव्हती. लोकलचा नववा डबा आठव्यात घुसला आणि आठवा जवळजवळ नाहीसाच झाला. इकडे एक्स्प्रेसचं टेंडर (इंजिनामागची कोळसा-पाण्याची गाडी) आणि पहिला डबा बाजूला फेकला जाऊन एका लोखंडी खांबाला धडकला. हा खांब वरून जाणाऱ्या दुसऱ्या रेल्वे लाइनच्या पुलाचा होता. खांब सरकला आणि पुलाचे अवजड गर्डर खालच्या डब्यांवर कोसळले. टकरीतून वाचलेले कित्येक जण या पुलाखाली गेले.

९० माणसं दगावली, १७३ जखमी झाली.

एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. पूल पडल्यावर काही मिनिटांतच वरच्या लाइनवर डार्टफर्डकडे जाणारी एक लोकल आली. तिच्या चालकाला धुक्यातही समोरचे गर्डर वाकडे झालेले दिसले आणि त्याने गाडी थांबवली. पहिला डबा कलला, पण पडला नाही.

बेळगाव–लोंढा लाइनवर नोकरी केलेले किंवा घरात रेल्वेचं माणूस असलेले बरेच जण इथे आहेत. तुम्हाला काय वाटतं? दोन सिग्नल सलग कसे सुटतात?

---

घटप्रभा_पूल

वाचून अंगावर काटा आला. एक शंका. दिव्यांचे सिग्नल होते ना? धुक्यात खांबावर वर-खाली होणाऱ्या हाताचा सिग्नल दिसत नाही हे कळतं, पण दिवा दिसायला हवा.

---

तिसरं_गेट

होय, रंगीत दिव्यांचेच होते, आणि घोळ तिथेच आहे. जुन्या हाताच्या सिग्नलांपाशी धुक्यात रुळावर फटाके (चाकाखाली फुटून ड्रायव्हरला सावध करणारे) लावायला माणूस बसवत. रंगीत दिवे धुक्यातही पुरेसे दिसतात असं धरून अशा भागांत ती माणसं नेमली जात नसत. दिवा जास्त तेजस्वी म्हणून माणूस काढला, आणि त्या संध्याकाळी दिवाही दिसला नाही. लंडनचं धुकं म्हणजे नुसती वाफ नव्हे, त्यात कोळशाचा धूर मुरलेला. डिसेंबर १९५२ च्या त्या विषारी धुक्यात हजारो माणसं गेली, म्हणून १९५६ मध्ये तिथे हवा शुद्ध ठेवण्याचा कायदा झाला. पण कायदा झाला म्हणून दुसऱ्या वर्षी घराघरातल्या शेगड्या थोड्याच थंड होतात.

---

लोंढा_रनिंगरूम

मी निवृत्त लोको पायलट. आमच्या वेळी ड्रायव्हरच म्हणत. वाफेच्या इंजिनावर फायरमन म्हणून लागलो, पुढे मीटर गेजच्या डिझेलवर आलो, गेज बदलल्यावर ब्रॉड गेजही चालवलं. धागाकर्त्याच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या परीने देतो.

दोन सिग्नल सलग सुटतात. ज्याने इंजिन चालवलंय त्याला यात नवल वाटणार नाही.

‘स्पिटफायर’ ज्या वर्गातलं इंजिन होतं त्याचा बॉयलर रुंद, वर पत्र्याचं आवरण आणि ड्रायव्हरपुढची काच अरुंद. ड्रायव्हर डावीकडे बसायचा. सिग्नल उजव्या अंगाला असेल तर मध्ये अख्खा बॉयलर आडवा येतो. स्वच्छ उजेडात लांबून सिग्नल दिसतो आणि जवळ येईपर्यंत लक्षात राहतो. धुक्यात तो दिसायला लागतो तेव्हा तुम्ही त्याच्याजवळ पोचलेले असता, आणि त्या अंतरावर तो नेमका बॉयलरच्या आड जातो. अशा वेळी ड्रायव्हरने उठून दुसऱ्या बाजूला जाऊन बघायला हवं, नाहीतर फायरमनला बघायला सांगायला हवं. त्या माणसाने पहिल्या दोन सिग्नलांना दोन्ही केलं नाही. फायरमन कोळसा टाकण्यात होता. तिसऱ्याला सांगितलं, आणि तो लाल निघाला.

आमच्याकडेही अगदी हीच अडचण होती. मीटर गेजचं वायडीएम-४ डिझेल. केबिन एकच, एका टोकाला. इंजिन फिरवायची सोय नसली की लांब नाक पुढे करून गाडी न्यावी लागायची. मग पुढे पंधरा-वीस हात लोखंड आणि एका अंगाचं वळण ड्रायव्हरला दिसतच नाही. तेव्हा असिस्टंटचे डोळे हेच ड्रायव्हरचे डोळे. डिस्टंट म्हणजे स्टेशनच्या होम सिग्नलच्या आधी लागणारा सूचनेचा सिग्नल. त्याने ओरडून सांगायचं, “डिस्टंट पिवळा!” आपण ओरडून परत म्हणायचं, “डिस्टंट पिवळा!” नवीन पोरांना वाटतं हे नुसतं रिवाज म्हणून. तसं नाही. एकाचं चुकलं तर दुसऱ्याच्या तोंडून निघालेल्या शब्दावर ते पकडलं जातं.

एक कबुली देतो. एकदा नागरगाळी–तावरगट्टीच्या जंगलाने भरलेल्या पट्ट्यात नव्हे, पार मोकळ्या माळावरच्या एका स्टेशनाच्या अलीकडे माझा डिस्टंट सुटला. पहाटेची वेळ, धुई पडलेली. मी मनात धरून चाललो होतो की डिस्टंट अजून पुढे आहे. असिस्टंट म्हणाला, “काका, डिस्टंट गेला की.” मी म्हटलं, नाही, अजून यायचाय. तो म्हणाला, “गेला ओ काका, खांब बघितला मी.” त्याच्यावर विश्वास ठेवून ब्रेक घेतला. होम लाल होता. इंजिन खांबाच्या अलीकडे थांबलं, पण फार अलीकडे नाही. त्या पोराने माझ्या वयाचा मान राखून तोंड मिटून घेतलं असतं तर?

धुक्यात अंतराचा अंदाज जातो. नेहमीची झाडं, गेट, नाल्यावरचा पूल या खुणांवर आम्ही गाडी चालवतो. त्या दिसेनाशा झाल्या की आपण कुठे आहोत हेच कळत नाही. सिग्नल ‘सुटला’ असं त्या क्षणी वाटतच नाही, तो ‘अजून यायचाय’ असं वाटत राहतं.

---

शहापूरकर

काका, तुमचा अनुभव मोठा, नमस्कार करतो. तरी माझं मत वेगळं आहे. दिसत नाही म्हणजे हळू जायचं, हा साधा नियम. बैलगाडीवाल्यालाही तो कळतो. वरच्या पुलावरच्या ड्रायव्हरने काय केलं? तो सावकाश होता, म्हणून त्याला गर्डर दिसले. तेच धुकं, तीच रात्र. खालच्याने सिग्नल दिसले नाहीत तर ते हिरवेच असतील असं धरलं. नव्वद घरं उजाड झाली. इंजिन वाईट, बॉयलर रुंद, हे सगळं खरं, पण आपल्याला दिसत नाही हे तर त्याला ठाऊक होतं ना?

---

तिसरं_गेट

दादा, तुमचा मुद्दा टाळता येत नाही, तिथल्या कोर्टालाही टाळता आला नाही. चालकावर मनुष्यवधाचा खटला भरला गेला. पहिल्यांदा ज्युरीचं एकमत झालं नाही. दुसऱ्यांदा सरकारी पक्षाने पुरावाच मांडला नाही, कारण अपघातानंतर त्या माणसाची मनःस्थिती पार ढासळली होती. तो निर्दोष सुटला.

चौकशी ब्रिगेडियर लँग्ली यांनी केली. चालकाने सिग्नल बघण्यासाठी हवी ती खबरदारी घेतली नाही, हे त्यांनी नोंदवलं. पण त्याच चौकशीत असंही म्हटलंय की इंजिनात सिग्नलची सूचना देणारी यंत्रणा असती तर हा अपघात टळला असता. रुळांमध्ये चुंबक बसवायचं. सिग्नल हिरवा असेल तर इंजिनात घंटा वाजते. पिवळा असेल तर भोंगा वाजतो, आणि ड्रायव्हरने बटण दाबलं नाही तर ब्रेक आपोआप लागतात.

माझा राग इथे आहे. ही कल्पना १९५७ साली नवी नव्हती. ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १९०६ मध्येच असली यंत्रणा वापरायला सुरुवात केली होती. १९५२ मध्ये हॅरो अँड वील्डस्टोनला ११२ माणसं मेली, तेव्हा सगळ्या देशाने हेच मागितलं. १९५६ च्या शेवटी यंत्रणा मंजूरही झाली. पण सेंट जॉन्सच्या लाइनवर ती पोचली नव्हती. तिथे आधीच चांगले रंगीत दिवे आहेत, तेव्हा घाई नाही, असा क्रम लावलेला. ड्रायव्हर चुकला, मान्य. पण माणूस असा चुकू शकतो हे पाच वर्षांपूर्वी ११२ प्रेतांवरून कळलं होतं. त्या पाच वर्षांचा जाब कुठल्या कोर्टात विचारायचा?

---

शहापूरकर

हे पटलं. तरी ड्रायव्हरला मी पूर्ण सोडणार नाही.

---

वडगावची_सिस्टर

हॅरोचं नाव निघालं म्हणून लिहिते. मी नर्स आहे. आम्हाला ट्रेनिंगमध्ये हा अपघात वेगळ्याच कारणाने सांगितला होता.

८ ऑक्टोबर १९५२, सकाळी ८.१९. तिथेही धुकं होतं, पण विरायला लागलेलं. फलाटाला उभ्या असलेल्या लोकलवर मागून पर्थहून आलेली रात्रीची एक्स्प्रेस आदळली, आणि लगेच समोरून लिव्हरपूलला जाणारी एक्स्प्रेस त्या ढिगाऱ्यात घुसली. तीन गाड्यांचा एकच ढीग. ३४० जखमी.

जवळच अमेरिकन हवाई दलाचे डॉक्टर आणि नर्सेस होत्या, त्या धावल्या. त्यांत ॲबी स्वीटवाइन नावाची नर्स होती. तोवर इंग्लंडात जखमींना पटकन उचलून हॉस्पिटलला पळवायचं, हीच रीत. या लोकांनी फलाटावरच तपासून कोणाला आधी न्यायचं, कोणाला इथेच सलाइन आणि रक्त द्यायचं ते ठरवलं. ज्याला मॉर्फिन दिलं त्याला पुढे कोणी पुन्हा देऊ नये म्हणून स्वीटवाइनने आपल्या लिपस्टिकने पेशंटच्या कपाळावर खूण केली. हाताशी दुसरं काही नव्हतं. तिकडच्या ॲम्ब्युलन्स सेवेचा पुढचा विचार बदलण्यात त्या सकाळचा वाटा मोठा आहे.

एकदा हायवेवर बस उलटली तेव्हा रात्रपाळीला आम्ही दोघीच होतो, आणि चिठ्ठ्या रक्ताने भिजून गेल्या. मी तेव्हा स्केचपेनने पेशंटच्या मनगटावर वेळ लिहिली. ते मला स्वीटवाइनने शिकवलं असं मी मानते.

---

निपाणी_नाका

सिस्टर, हे माहीत नव्हतं. धन्यवाद.

आपल्या देशातलंही सांगायला हवं. २ जानेवारी २०१० ला उत्तर प्रदेशात एकाच दिवशी धुक्यात गाड्यांना गाड्या धडकल्या. इटावाजवळ लिच्छवी एक्स्प्रेस मगध एक्स्प्रेसला, कानपूरच्या पनकीजवळ गोरखधाम एक्स्प्रेस प्रयागराजला. दोन्हीकडे मागून धडक, लुईशॅमसारखीच. तेव्हा लुईशॅमला ५२ वर्षं झाली होती.

आता तिकडच्या इंजिनांत जीपीएसचं यंत्र असतं, पुढचा सिग्नल किती अंतरावर आहे ते सांगतं. म्हणजे काका म्हणाले त्या ‘अजून यायचाय’ या भ्रमावर उपाय. पण सिग्नल लाल आहे की हिरवा ते त्याला कळत नाही. ते ‘कवच’ या आपल्या रेल्वेच्या नव्या सुरक्षा यंत्रणेला कळतं. रुळांमध्ये टॅग, इंजिनात रेडिओ, सिग्नलचा रंग थेट ड्रायव्हरच्या समोर, आणि त्याने ब्रेक लावला नाही तर यंत्र लावतं. ४ मार्च २०२२ ला सिकंदराबाद भागात गुल्लागुडा–चिटगिड्डा दरम्यान चाचणी झाली, रेल्वेमंत्री स्वतः इंजिनात होते, आणि समोरच्या इंजिनाच्या ३८० मीटर अलीकडे गाडी आपोआप थांबली. आता प्रश्न एवढाच की ते सगळीकडे कधी पोचणार. आपलाही क्रम कोणीतरी लावत असेलच.

---

गुंजीची_लेक

मी सहसा लिहीत नाही, पण फटाक्यांचा विषय निघाला म्हणून लिहिते. माझे बाबा गुंजीच्या बाजूला की-मन होते. चावीवाला म्हणतात. रोज पहाटे ठरलेला पट्टा चालायचा, रूळ धरून ठेवणाऱ्या, सैल झालेल्या चाव्या हातोड्याने ठोकायच्या, रूळ बघत जायचं. खांद्याला पाना, हातोडा, लाल-हिरवे झेंडे, आणि पत्र्याच्या डबीत फटाके.

फटाका म्हणजे दिवाळीचा नव्हे. चपटी, गोल डबी, आणि तिला दोन पट्ट्या. त्या रुळाच्या डोक्यावरून वाकवून घट्ट बसवायच्या. इंजिनाचं चाक वरून गेलं की असा आवाज होतो की वाफेच्या इंजिनाच्या खडखडाटातही ड्रायव्हर दचकतो. धुक्यात सिग्नल दिसेना झाला की स्टेशन मास्तर माणूस पाठवायचे. स्टेशनापासून १८० मीटरवर एक खूण ठरलेली असते, ती दिसेनाशी झाली की धुकं लागलं असं धरायचं. मग त्या माणसाने सिग्नलच्या २७० मीटर अलीकडे, दहा मीटरच्या अंतराने दोन फटाके लावायचे. गाडी गेली की पुन्हा दोन. रात्रभर. ड्रायव्हरला सिग्नल डोळ्याने दिसला नाही तरी तो जवळ आलाय हे कानाने कळायचं. लुईशॅमला काढून टाकलेला माणूस तो हाच.

मीटर गेजच्या दिवसांतली एक सकाळ आमच्या घरात अजून सांगतात. थंडीत रूळ आकसतो आणि कधी कधी तुटतो. बाबांना धुक्यात तुटलेला रूळ सापडला. मालगाडी यायची वेळ. एकटा माणूस, सिंगल लाइन, दोन्ही बाजूंना सांभाळायचं. ज्या बाजूने गाडी येणार त्या बाजूला ते पळाले. ४०० मीटरवर एक फटाका, पुढे ८०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन. नियम तसाच आहे. पण धुक्यात ८०० मीटर मोजायचे कसे? बाबा रुळाचे सांधे मोजत पळाले. पायाखाली सांधा लागला की एक. मोठ्याने मोजत होते म्हणे, थांबलं तर आकडा चुकेल म्हणून.

तिसरा फटाका लावून ते बाजूच्या चरात उतरले आणि गाडीचा आवाज आला. तीन धमाके झाले. मग बराच वेळ नुसता ब्रेकचा किंकाळ्यासारखा आवाज. धुक्यात त्यांना गाडी थांबली की नाही तेही दिसेना. चालत मागे गेले तेव्हा इंजिन तुटलेल्या रुळाच्या बरंच अलीकडे उभं होतं आणि ड्रायव्हर खाली उतरून त्यांनाच शोधत होता. तो हुबळीकडचा कन्नड माणूस. बाबांना कन्नड तोडकं येतं. तो “मंजु, मंजु” एवढंच म्हणत राहिला आणि बाबांचा हात सोडेना.

---

घटप्रभा_पूल

ताई, मंजु म्हणजे कन्नडात धुकं. दोन वेळा वाचलं तुमचं.

---

लोंढा_रनिंगरूम

ताई, त्या पट्ट्यात मी पुष्कळ गाड्या नेल्या. देसूर, खानापूर, गुंजी, सगळीकडे तेव्हा टोकनचा लोखंडी गोळा चामड्याच्या पिशवीत, वेताच्या कड्याला. फलाटावरचा माणूस कडं उंच धरायचा, आम्ही चालत्या इंजिनातून दंड घालून उचलायचो. गोळा हातात नसेल तर पुढच्या स्टेशनापर्यंत जायचंच नाही. धुक्यात फलाट दिसायचा नाही, फक्त एक मशाल दिसायची आणि त्या उजेडात एक हात. त्यामुळे समोरून दुसरी गाडी येणार नाही एवढी खात्री असायची. लुईशॅमसारख्या ठिकाणी, जिथे दोन-तीन मिनिटांला एक गाडी, तिथे गोळा चालणार नाही हे मान्य. पण रात्रीच्या धुक्यात तो गोळा मांडीवर असला की जिवाला किती आधार वाटायचा, हे मी सांगू शकणार नाही.

शहापूरकर, तुम्ही म्हणता तो ड्रायव्हर चुकला. होय, चुकला. तुमच्याशी भांडत नाही. पण त्या रात्री मी त्याच्या जागी असतो तर मीही चुकलो असतो, एवढंच मला माहीत आहे. माझ्याकडे ते पोरगं होतं. ताईंचे वडील होते.

ताई, बाबा आहेत ना अजून?

---

गुंजीची_लेक

आहेत काका. ऐकायला कमी येतं, फटाक्यांनीच कान गेले म्हणतात. आठवण मात्र पक्की. तुमचा निरोप मोठ्याने वाचून दाखवला. विचारताहेत की तुम्ही वायडीएमवर होता का, आणि खानापूरला उतरताना शिट्टी लांब मारायचात ते तुम्हीच का.

---

लोंढा_रनिंगरूम

मीच तो.

---

गुंजीची_लेक

मग रविवारी या. सकाळच्या गाडीने या, दुपारी जेवल्यावर ते झोपतात. धागाकर्ते दादा, तुम्हीही या. बाबांच्या डबीत जुने फटाके नाहीत, ते जमा करावे लागतात. पण हातबत्ती आहे, ती बघायला मिळेल.

---

तिसरं_गेट

येतो ताई. काका, मी बेळगावहून निघेन. तुम्ही लोंढ्याहून या, गुंजीला भेटू.